डबल ग्राउंडचा ताबा

"खेळाडूंअभावी मैदान ओस पडलं." हे वाक्य ज्यानं लिहिलंय त्याला माझ्यासमोर आणून उभा कर, असं मी रुपेशला म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, मीच लिहिलंय."

मग काय, त्याला आधी बसवला आणि पाणी दिलं. पोरगा आपल्याकडचा, अकोल्याचा. मोहालीत एका डिझाइन कंपनीत आहे. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर त्यानं विचारलं होतं, की चंदीगडच्या चौतीस सेक्टरच्या पलीकडच्या जुन्या स्टेडियमची कुणाला काही माहिती आहे का, आणि कुणीतरी माझा नंबर देऊन मोकळं झालं. स्टेडियम पाडून आता तिथं चार मजली पार्किंग आणि वर कोचिंग क्लासेसची इमारत झालीय. खालच्या भिंतीवर आठ फुटी बोर्ड लागायचाय, 'या जागेचा इतिहास' म्हणून. त्याचा मजकूर रुपेशकडे होता; मजकूर हिंदीत, मी मराठीत सांगतेय.

"कोण म्हणालं तुला ओस पडलं म्हणून?" मी विचारलं. "तू तेव्हा किती वर्षांचा होतास?"

"मावशी, मी कागदपत्रांवरून लिहिलंय हो. वरचं वाक्य वाचा ना. २००९ मध्ये मुलींच्या बेसबॉल टीमनं स्वखुशीनं मैदान सोडलं. मग ओस पडलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वखुशीनं! चौदा पोरी जूनच्या उन्हात अकरा दिवस त्या गेटवर बसल्या होत्या, आणि म्हणे स्वखुशीनं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा सगळं ऐकत राहिला आणि मग मोबाईल पुढे करून म्हणाला, "मैदानाच्या कमिटीच्या फायलीत हे पत्र आहे. खाली पद्मजा म्हणून सही आहे. तुमचीच ना?"

माझीच होती. अक्षरही माझंच होतं. मी पाच मिनिटं गप्प बसले, आणि आमच्या घरात हे इतकं नवलाचं की आतून माझे यजमान अच्युत बाहेर आले, काय झालं बघायला.

त्या मैदानाला सगळे डबल ग्राउंड म्हणायचे. हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात बेसबॉल. बांधलं होतं फुटबॉलसाठी, सत्तरच्या आसपास. एका बाजूला सिमेंटच्या सात पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना जाळी. बेसबॉल मागून आला आणि भाडेकरूसारखा कोपऱ्यात राहिला. पिचर जिथून चेंडू टाकतो तिथं दहा इंचांचा मातीचा उंचवटा लागतो. तो दर मार्चमध्ये आम्ही घमेल्यानं माती वाहून, पाणी मारून, चोपून उभा करायचो, आणि ऑक्टोबर लागला की फुटबॉलवाले फावडी घेऊन यायचे आणि सपाट करून टाकायचे. दरवर्षी! शिव्या द्यायच्या, चहा प्यायचा, परत मार्चमध्ये घमेली. गोलपोस्ट तर काढताच येत नव्हते, सिमेंटमध्ये पक्के रोवलेले. त्यातला एक बरोबर आमच्या सेकंड बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या दुसऱ्या ठाण्याच्या, मागे यायचा. म्हणून आम्ही आमच्यापुरता नियमच केला होता, की मारलेला चेंडू गोलपोस्टला लागला तर दोन बेस. बाहेरच्या टीम आल्या की आधी भांडायच्या, मग त्याच गोलपोस्टवर नेम धरायच्या.

मी जळगावची. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले, विद्यापीठाकडून खेळले. लग्न झालं आणि अच्युतच्या बदल्यांबरोबर फिरत राहिले. ते सर्वेक्षण खात्यात. नागपूर, डेहराडून, जबलपूर, परत डेहराडून. शहाण्णव साली चंदीगडला आलो आणि पहिल्याच आठवड्यात मला ते मैदान दिसलं. तिथं मुलींना कुणी शिकवत नव्हतं. मी म्हटलं, मी शिकवते. कमिटीच्या सेक्रेटरींनी माझ्या साडीकडे बघून विचारलं, "आप?" मी तिथला एक चेंडू उचलला आणि साडीचा पदर खोचून त्यांच्या खोलीच्या दारावर मारला. दाराला खोक पडली. त्यानंतर त्यांनी मला सामानाच्या खोलीची किल्ली दिली.

तेरा वर्षं मी तिथं मुली शिकवल्या. पंजाबी, हरियाणवी, हिमाचली, आणि आपल्या बदलीवाल्यांच्या दोन-चार. त्यातलीच एक रेवा. घरी मराठी, पण उत्तर कायम हिंदीत. नऊ वर्षांची असताना आली, आणि सतराव्या वर्षी ती असा चेंडू टाकायची की कॅचरचा हात सुजायचा. खरं सांगते, अशी पोरगी मी दुसरी पाहिली नाही. २००९ च्या जुलैत तिची राष्ट्रीय संघाची निवड चाचणी होती. फुटबॉलवाले दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या सेक्टरमधल्या नव्या मैदानावर गेले होते, म्हणजे डबल ग्राउंडवर राहिलो होतो फक्त आम्ही.

आणि मे महिन्यात अच्युतची बदलीची ऑर्डर आली, शिलाँगला.

आता हे सरकारी घरात राहिलेल्यांनाच कळेल. बदली आली की आम्हा बायकांच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. ट्रंका उतरतात, भांडी गोणपाटात जातात, आणि क्वार्टर रिकामं करायची तयारी सुरू होते. पंखे किती, बल्ब किती, नळ किती, खिडकीची काच फुटलेली नाही ना, सगळं लिहून द्यायचं आणि शेवटी ठरलेलं वाक्य घालायचं: 'जागा सुस्थितीत रिकामी करून ताबा दिला आहे. यापुढे या जागेवर आमचा कोणताही हक्क नाही.' हे वाक्य मी तीन गावांत चार वेळा इंग्रजीत लिहिलं होतं. माझ्या हातालाच ते पाठ होतं. एकदा डेहराडूनला एक बल्ब कमी भरला म्हणून आम्हाला दोन महिने पत्रं येत होती, तेव्हापासून मी याबाबतीत फार काटेकोर.

त्या वेळीही क्वार्टरचं पत्र लिहिलं, आणि त्याच बैठकीत, त्याच पेनानं, मैदानाचंही लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं हो! कुणीही नाही. सामानाची खोली मुलींच्या टीमच्या नावावर होती, म्हणून बॅटी किती, हेल्मेट किती, बेस किती ते मांडलं, खाली ते वाक्य घातलं, 'मुलींच्या टीमच्या वतीने' म्हणून सही केली आणि किल्लीसकट नेऊन दिलं. अच्युत म्हणाले सुद्धा, "वा, काम कसं नीटनेटकं झालं!" मला स्वतःचं कौतुक वाटलं. पोरींना अजून बदलीचंसुद्धा सांगितलं नव्हतं. वाटलं, चाचणी झाली की सांगू.

नवव्या दिवशी बदली रद्द झाली.

ट्रंका परत माळ्यावर गेल्या आणि मी किल्ली मागायला गेले. सेक्रेटरींनी फाईल उघडून माझंच पत्र मला वाचून दाखवलं. "मॅडम, आपने तो खाली कर दिया." ते हसत नव्हते, उलट त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसत होतं, कारण जागा कुणी वापरत नाही असं वर कळवायला त्यांना कागद मिळाला होता. मी हातापाया पडले, भांडले, पत्र परत मागितलं. फायलीत गेलेलं पत्र परत येत नाही, हे सरकारी बायकोला कुणी सांगायला नको. पुढच्या सोमवारी तिथं कुठल्याशा मेळाव्याच्या गाड्या लागल्या. आमच्या उंचवट्यावर एक ट्रॅक्टर उभा होता.

पोरींना मी काय सांगितलं? मी सांगितलं, कमिटीनं आपल्याला हाकललं.

धरणं धरायची कल्पना रेवाची. गेटच्या बाहेर चटया टाकून चौदा जणी बसल्या, आणि सगळ्यांच्या पुढे घोषणा देत मी. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी बाहेर आले आणि पोरींना म्हणाले, "तुम्हारी कोच ने खुद लिखकर दिया है." रेवा ताडकन उठली. सतरा वर्षांची पोरगी, त्या माणसाच्या तोंडावर ओरडली, "झूठे हो आप! हमारी कोच ऐसा कभी नहीं करेगी!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच उभी होते. मी तोंड उघडलं नाही. तेव्हा उघडलं असतं तर कदाचित पोरी म्हणाल्या असत्या, ठीक आहे, तुम्ही सही केली, आम्ही नाही, आणि अजून काही करता आलं असतं. पण मला लाज वाटली. लाजेपायी माणूस काय काय करतं, त्याला हिशेबच नाही.

अकराव्या दिवशी पोलिसांनी येऊन समजावून उठवलं आणि धरणं संपलं. जुलैत रेवा सरावाशिवाय चाचणीला गेली, तिचा खांदा दुखावला, ती परत आली आणि तिनं खेळ सोडला. आज ती तेहतीस वर्षांची आहे, चौतीस सेक्टरमध्ये एका क्लासमध्ये गणित शिकवते. मला अजून कोच म्हणते. दर दिवाळीला येते, माझ्या हातचं भरीत मागून खाते, आणि जुन्या मैदानावरून जावं लागू नये म्हणून रोज दोन चौक वळसा घालून कामाला जाते. दरवेळी जाताना म्हणते, "कोच, उन लोगों को मैं कभी माफ़ नहीं करूँगी." आणि मी तिला भाकरी वाढते.

हे सगळं रुपेशच्या मोबाईलमधल्या त्या फोटोकडे बघताना माझ्या डोक्यात गरगरत होतं.

अच्युत म्हणाले, "जाऊ दे ना पद्मजा. पार्किंगची पावती फाडताना कोण वाचणार आहे तो बोर्ड?"

"रेवा वाचेल," मी म्हटलं.

"ती त्या रस्त्यानं जातच नाही."

"म्हणून काय झालं? तिच्या नावावर भिंतीवर खोटं लिहिलेलं राहू देऊ? की ती आपल्या पायांनी चालती झाली म्हणून?" अच्युतवर मी कधी एवढी ओरडत नाही, म्हणजे ओरडते, पण एवढी नाही. रुपेश लॅपटॉप बंद करायला लागला होता. त्याला म्हटलं, "थांब. मजकूर पक्का कधी होतो?"

"शनिवारी सकाळी अकराला. कमिटी सही करणार. सेक्रेटरी तेच आहेत मावशी, जुनेच."

"मी येते."

शुक्रवारी रेवाला फोन केला. फोनवर सांगायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "बोलो कोच," आणि ते मला जमलं नाही. एवढंच म्हटलं, उद्या अकराला जुन्या मैदानावर ये, तिथं काहीतरी खोटं लिहिणार आहेत. ती म्हणाली, "मैं आ रही हूँ. बाकी सबको भी बोलती हूँ."

शनिवारी पोरी आल्या, सहा जणी. पोरी कसल्या, बायका झाल्यात. एकीच्या कडेवर बाळ होतं. पार्किंगच्या तळमजल्यावर ऑफिससारखी खोली, नव्या रंगाचा वास, टेबलाच्या पलीकडे सेक्रेटरी. केस पांढरे झालेत, पण आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं आणि खुर्ची दिली, याचं मला जास्त वाईट वाटलं. रुपेशनं मजकूर वाचायला सुरुवात केली आणि 'स्वखुशीनं' आलं तशी रेवा उसळली. "किसने छोड़ा? आपने निकाला था हमें!"

सेक्रेटरी शांतपणे माझ्याकडे बघत राहिले. सोळा वर्षं त्या माणसानं खोटारडा म्हणवून घेतलं होतं.

मी उठले. "रेवा, त्यांनी काढलं नव्हतं. मी लिहून दिलं होतं. बदली आली म्हणून घर रिकामं करतात तसं मैदान रिकामं करून दिलं, तुम्हाला न विचारता, तुमच्या नावानं. ते खरं बोलत होते आणि मी गप्प राहिले." एवढं बोलायला मला सोळा वर्षं लागली होती आणि बोलून झालं अर्ध्या मिनिटात.

रेवा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रुपेशकडे हात केला, "दिखाओ." मोबाईल घेतला आणि पत्र वाचलं. ती गणिताची बाई आहे, ओळ न् ओळ वाचते. बॅटी, हेल्मेट, बेस सगळं वाचलं. बाळ तेवढं मधेच कुरकुरत होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "देखा बेटा? मैंने तब भी कहा था." मग रुपेशला, "लिखा हुआ ठीक है. रहने दो."

"सॉरी, अंकल," रेवा म्हणाली. "आपको झूठा कहा था. वो गलत था." मग मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाली, "अब ये बताइए, इसमें मेरा साइन कहाँ है?"

"बेटा, टीम की तरफ़ से कोच का साइन..."

"मेरा कहाँ है? इसका कहाँ है? इसका?" ती एकेकीकडे बोट दाखवत गेली. "आपकी फ़ाइल में लिखा था कि टीम ने खाली कर दिया. और टीम आपके गेट पर बैठी थी. ग्यारह दिन! आप रोज़ हमारे ऊपर से होकर अंदर जाते थे, अंकल. आपको दिखा नहीं कि खाली नहीं है?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि जागा कमी आहे, मजकूर छापायला जायचाय, असं काहीतरी म्हणाले. एवढं ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. लाजबिज गेली चुलीत. मी खुर्ची ओढून बरोबर त्यांच्या समोर बसले. "जागा आहे. आठ फुटी बोर्ड आहे, खालची भिंत मी मोजलीय. माझं पत्र लावा त्यावर, अख्खं, खाली माझ्या सहीसकट. आणि शेजारी या चौदा जणींची नावं लावा, अकरा दिवस लिहा. हे होईपर्यंत मी इथून हलत नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, मागच्या वेळी आले होते ते फार सभ्य होते."

"मॅडम, इसमें आपकी ही बदनामी है," सेक्रेटरी म्हणाले.

"हो, आहे. छापा."

पाठीमागून कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी. सहाही जणी बसल्या. बाळाला दूध पाजायला एक कोपऱ्यात वळली. रेवा माझ्याच ओळीत बसली, पण मधे दोन खुर्च्या सोडून.

दीड वाजेपर्यंत सगळे बसलो. शेवटी सेक्रेटरींनी हात वर केले आणि रुपेशला म्हणाले, "लिखो, जो ये बोलते हैं." रुपेशनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, पण रेवा आधी बोलली.

"सबके नाम लिखो. चौदह." तिनं नावं सांगितली, एकही विसरली नाही. रुपेशनं सवयीनं विचारलं, "और सबसे ऊपर कोच?"

"नहीं." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उनका नाम चिट्ठी के नीचे है. काफ़ी है."

तेरा वर्षं घमेली वाहिली होती मी, तेरा वर्षं. भांडायला ओठांवर शब्द आले होते, माझ्या स्वभावाला शोभतील असे. ते गिळले आणि म्हटलं, "रुपेश, ती सांगते तसंच लिही."

मग रेवा शेवटची ओळ सांगायला लागली, आणि सोळा... नाही, चोवीस वर्षांत मी तिच्या तोंडून पहिल्यांदा अख्खं मराठी वाक्य ऐकलं. बहुतेक मला नीट कळावं म्हणून.

"लिहा," ती म्हणाली. "२००९ साली कोचनं मैदान रिकामं केलं. टीमनं नाही."